वाऱ्याला वाट हवी

निपाणीत तंबाखूच्या वखारीशेजारी राहणाऱ्याला धुळीविषयी वेगळं सांगायला नको. खिडक्या लावल्या तरी ती घरात येतेच.

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. माझी मुलगी बेळगावला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून एकेक भाग आणून तिनं घरीच कॉम्प्युटर जोडला होता. प्रोजेक्ट द्यायला दोन दिवस उरले आणि भर दुपारी तो आपोआप बंद पडू लागला. प्रोसेसरचं तापमान ९७ अंश! इतकं तापलं की प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो. तरी भागलं नाही तर मशीनच बंद होतं. पोर रडवेली झाली.

चूक माझी होती. ती घरी नसताना मी कॅबिनेट उघडून साफ केलं होतं. पुढं दोन पंखे, मागं एक. मागचा वारा बाहेर फेकतो हे पाहून मी तो उलटा बसवला. जास्त वारा आत, जास्त गारवा, असा माझा हिशेब! वर धूळ नको म्हणून अख्खा डबा टेबलाच्या कप्प्यात भिंतीला चिकटवून ठेवला.

आई दारातून बघत होती. म्हणाली, "आरं, वारं आत घेतलंस, पण धुराडं कुठाय? धूर कोंडला की चूलबी पेटत न्हाई."

तिचं खरं होतं. प्रोसेसरवरचा पंखा गरम हवा मागं ढकलत होता आणि मी उलटवलेला पंखा तीच हवा पुन्हा आत लोटत होता.

लेकीनं वायर काढून मागचा पंखा सरळ केला. पंख्याची दिशा ओळखणं सोपं आहे. ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या पट्ट्या असतात, त्या बाजूनं वारा बाहेर पडतो. थंड हवा पुढून खालून घ्यावी, गरम हवा मागून किंवा वरून सोडावी. आत येणारा वारा थोडा जास्त ठेवावा, म्हणजे फटींतून धूळ ओढली जात नाही. मात्र पुढच्या पंख्यांना जाळी हवीच. आमची धुळीनं गच्च भरली होती, ती धुऊन वाळवली. ब्लोअर मारताना पाती बोटानं धरून ठेवली, कारण ती भन्नाट फिरली तर पंखा बिघडू शकतो. डबा कप्प्यातून काढून भिंतीपासून वीतभर लांब ठेवला.

शेवटी देव्हाऱ्यातली उदबत्ती पेटवून पुढच्या जाळीजवळ धरली. धूर सरळ आत गेला. मागं धरली, तर धूर बाहेर ढकलला गेला.

त्या रात्री मशीन पहाटेपर्यंत चाललं. तापमान ७६ च्या वर गेलं नाही. प्रोजेक्ट वेळेत पोचला.

आता दर पंधरा दिवसांनी जाळी धुण्याचं काम माझ्याकडे आहे. पंख्यांना मात्र हात लावायचा नाही, अशी लेकीची सक्त ताकीद आहे!