ख्रिसमसला गूगलवरून गायब झालेली साइट

अफिलिएट लिंक, म्हणजे विक्रीमागे कमिशन देणारी लिंक, लावणाऱ्या प्रत्येकाला रॅप जीनियसचं प्रकरण माहीत हवंच. गाण्यांचे शब्द देणारी ही अमेरिकी साइट. २०१३ च्या डिसेंबरमध्ये तिने ब्लॉगवाल्यांना सांगितलं, जस्टिन बीबरच्या गाण्यांच्या आमच्या लिंक पोस्टखाली टाका, आम्ही तुमची पोस्ट ट्विट करू. योजनेचं नावच ‘ब्लॉग अफिलिएट’! शोधात वर येण्यासाठी लिंकांची अशी देवाणघेवाण गूगलला चालत नाही; ऐन ख्रिसमसला त्याने दणका दिला. साइटचं स्वतःचं नाव शोधलं तरी ती वर दिसेना. तसल्या लिंक हुडकून त्या काढायला लावल्यावर साधारण दहा दिवसांनी ती परतली.

अफिलिएट लिंक लावायला गूगलची मनाई नाही. फक्त तिच्या कोडमध्ये ‘नोफॉलो’ किंवा २०१९ मध्ये आलेली ‘स्पॉन्सर्ड’ ही खूण हवी, म्हणजे ती लिंक शिफारस म्हणून धरू नये हे गूगलला कळतं. जो अफिलिएट प्रोग्रॅम आपल्या अटींतच ही खूण मागतो, तो मला जास्त भरवशाचा वाटतो.