समुद्र नसलेल्या गावचे जहाज

बालमित्रांनो, तान्ह्या पोळ्याला लाकडाचा नंदी सजवून तुम्ही बोजारा मागायला घरोघरी गेला असाल. त्या नंदीकडे कधी नीट निरखून पाहिलेत का? शिंगे, वशिंड, पाय, सगळे खऱ्या बैलासारखे, फक्त आकाराने लहान. सुतारकाका हे काम बहुधा नजरेच्या अंदाजाने करतात. आता समजा, अंदाज बाजूला ठेवून आपण मोजपट्टी हाती घेतली आणि बैलाऐवजी चक्क एक जहाज केले तर? खऱ्या जहाजाची मापे घेऊन त्याची हुबेहूब लाकडी प्रतिकृती करणे हा जगभरातल्या लहानथोरांचा छंद आहे.

“पण गुरुजी, आपल्या यवतमाळात कुठं आलाय समुद्र?” असे तुम्ही म्हणाल. खरंच की! अरबी समुद्र घ्या नाहीतर बंगालचा उपसागर, दोन्ही आपल्यापासून पाचशे किलोमीटरांहून लांब. पण जहाज करायला समुद्र शेजारीच हवा असे थोडेच आहे? एक गंमत सांगतो, ऐका.

लेण्यातले जहाज

अजिंठ्याची लेणीसुद्धा समुद्रापासून दूर, डोंगरात कोरलेली आहेत. तरीही तिथल्या दोन क्रमांकाच्या लेण्यात एक जहाज रंगवलेले आहे. त्याला तीन डोलकाठ्या आहेत आणि दिशा वळवण्यासाठी मोठी वल्ही आहेत. हे चित्र आहे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचे!

या चित्रावरून खरे जहाज बांधायचे, असे अलीकडे आपल्या देशात ठरले. पण चित्र म्हणजे काही नकाशा नव्हे. जहाज लांब किती, रुंद किती, पाण्याखाली किती, काहीच लिहिलेले नव्हते. शिवाय त्या काळी खिळे न वापरता फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवत. हो, गोधडी शिवावी तशा! ही विद्या जाणणारे कारागीर आज थोडेच उरले आहेत. केरळचे बाबू शंकरन आणि त्यांचे साथीदार यांनी गोव्यात हे काम हाती घेतले.

आता खरी गंमत पुढेच आहे. एवढे मोठे जहाज पाण्यावर नीट राहील की नाही, हे कसे कळणार? त्यासाठी नौदलाने मद्रासच्या आयआयटीची मदत घेतली. तिथे जहाजाच्या प्रतिकृतीवर चाचण्या झाल्या. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये खरे जहाज पाण्यात उतरले, आणि मे महिन्यात कारवारला ते नौदलात दाखल झाले. त्याचे नाव ‘कौंडिण्य’. डिसेंबर २०२५ मध्ये ते पोरबंदरहून निघाले आणि जानेवारी २०२६ मध्ये ओमानमधल्या मस्कतला पोचले. इंजिन नाही बरं का, फक्त वारा आणि शिडे! तेव्हा प्रतिकृती म्हणजे नुसते खेळणे, असे आता कुणी म्हणू नका.

कागद हरवला तर?

१८१७ साली मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांनी ‘त्रिंकोमाली’ नावाची लढाऊ नौका सागवानी लाकडात बांधली. तिचे नकाशे इंग्लंडहून ‘जावा’ नावाच्या जहाजातून येत होते. डिसेंबर १८१२ मध्ये ते जहाज अमेरिकन जहाजाशी लढताना नष्ट झाले आणि नकाशेही गेले. पण नकाशांची दुसरी प्रत पाठवता आली, म्हणून नौका झाली. इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथे ती आजही पाण्यावर आहे.

आता आपल्या आंग्र्यांच्या आरमाराचे बघा. १७५६ साली इंग्रजांनी विजयदुर्गावर हल्ला केला, तेव्हा तुळाजी आंग्र्यांची जहाजे जळून खाक झाली. त्या गुराबा आणि गलबते आज मोजपट्टी लावून पाहायला मिळत नाहीत. लाकूड जळते, कुजते. मापे लिहून ठेवली असतील तरच जहाज पुन्हा उभे राहू शकते. या छंदात हे शिकण्यासारखे आहे.

चला, गणित करू

‘कौंडिण्य’ सुमारे १९.६ मीटर लांब आणि ६.५ मीटर रुंद आहे. त्याचा सुमारे ३.३ मीटर भाग पाण्याखाली असतो. आपण शंभरास एक हे प्रमाण घेऊ. म्हणजे जितके मीटर, तितके सेंटिमीटर. झाले की! आपले जहाज १९.६ सेंटिमीटर लांब आणि ६.५ सेंटिमीटर रुंद. त्यावर उभा राहणारा १.७ मीटर उंचीचा खलाशी केवढा होईल? १.७ सेंटिमीटर, म्हणजे हरभऱ्याचे दोन दाणे एकावर एक ठेवावेत तेवढा! आणि २ सेंटिमीटर जाडीचा दोर? तो ०.२ मिलिमीटरचा होईल. त्यासाठी आईच्या डब्यातला शिवणाचा दोरा चालेल.

कृती अशी करा

आपल्या जिल्ह्यात सागाची जंगले आहेत, पण त्यासाठी उभे झाड तोडायचे नाही हं! सुताराच्या दुकानात उरलेले तुकडे मिळतात. साग कापायला कठीण, म्हणून पहिल्या जहाजाला पॅकिंगच्या खोक्याची मऊ फळी घ्या.

एक सेंटिमीटर जाडीचे पाच तुकडे लागतील. भाकरीची चवड असते ना, तसे ते एकावर एक बसवायचे. सगळ्यात वरचा मोठा, खालचा प्रत्येक थोडा लहान. दोन्ही बाजू सारख्या याव्यात म्हणून पुठ्ठ्याचा अर्धाच साचा कापा. एका बाजूला आखून झाला की तोच उलटवून दुसऱ्या बाजूला आखा. प्रत्येक तुकड्यावर मधोमध रेघ मारा आणि रेघेला रेघ जुळवून फेव्हिकॉलने चिकटवा. वर वीट ठेवून रात्रभर राहू द्या. सकाळी कानशीने पायऱ्या घासा, मग पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. डोलकाठ्यांना बांबूच्या बारीक काड्या घ्या. शिडाला जुने सुती कापड. कापसाच्या जिल्ह्यात त्याला काय तोटा! दोऱ्यावर मेणबत्ती घासली की त्याची लव बसते आणि तो खऱ्या दोरासारखा दिसतो.

आता बादलीत सोडून पाहा. कलंडले? घाबरू नका. डोलकाठ्या उंच आणि तळ हलका असला की असेच होते. तळाला एखादा लोखंडी नट बसवा आणि पुन्हा पाहा. खऱ्या शिडाच्या जहाजांतही तळाशी दगड किंवा वाळू भरत. पाहून झाले की बादलीतले पाणी झाडांना घाला. आपल्याकडे उन्हाळ्यात पाण्याची किंमत काय असते, ते तुम्हाला सांगायला नको.

थोडे आईबाबांसाठी

करवत आणि पटाशी चालवताना मोठे माणूस जवळ हवेच. पण घासणे, मोजणे, जुळवणे मुलांनाच करू द्या. जहाज थोडे वाकडे झाले तरी हातातून काढून घेऊन सरळ करू नका. ‘याने परीक्षेत मार्क वाढतात का?’ असे पालक विचारतात. वर्गात दशांश अपूर्णांक नकोसा वाटणारी मुले डोलकाठीची उंची काढताना तोच अपूर्णांक आपणहून मांडतात, एवढे मी सांगू शकतो. आणि पुढे कॉलेजात एनसीसीच्या नौदल विभागात गेलात, तर नौसैनिक कॅम्पमध्ये जहाजांच्या प्रतिकृतींची स्पर्धाही असते.

शेवटी एक काम विसरू नका. एका वहीत प्रत्येक भागाचे माप, प्रमाण आणि काय चुकले, कसे सुधारले ते लिहा. जहाज कदाचित धाकट्या भावाच्या हातून पडेल, मोडेल. वही असेल, तर दिवाळीच्या सुट्टीत दुसरे करता येईल, आणि तेव्हा मापे त्या धाकट्यालाच वाचून दाखवायला सांगा!