पाणचट, पानचट आणि पांचट

आमच्या इंझोरीस ताकांत पाणी अधिक झालें, म्हणजे वडील मंडळी पेला खालीं ठेवून एकच शब्द उच्चारतात : "पानचट !" हा 'न' ऐकून पुण्याकडील पाहुण्यांस हंसूं येतें. आम्हीही एके काळीं हंसत होतों. इतकेंच नव्हे, तर शिक्षक असतांना एका विद्यार्थ्याच्या निबंधांतील 'पानचट' या शब्दाखालीं तांबड्या शाईची रेघ ओढून तो वर्गापुढें मोठ्यानें वाचून दाखविला होता. त्यानंतर वर्षभर त्या मुलानें आमच्यापुढें तोंड उघडलें नाहीं.

ती रेघ आतां आम्हांस बोंचते. संस्कृत 'पानीय' या शब्दांत दंत्य 'न'च आहे. प्राकृतांत त्याचा 'ण' झाला आणि मराठींत 'पाणी' आलें. वऱ्हाडी बोलींत तोच पुन्हां 'न' होतो. शिष्ट लेखनांत 'पाणचट' हेंच रूप असावें, हा आमचा आग्रह कायम आहे. पण शहरांतील सुशिक्षित मंडळी नीरस, हलक्या विनोदास 'पांचट' म्हणतात, त्याचें काय ? 'पांच' या संख्येशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. पाणचट, पानचट, पांचट अशीच ती उतरण आम्हांस दिसते. ज्या 'न'स पाहुणे हंसले, तोच त्यांच्या लेखणींत अनुस्वार होऊन बसला आहे !

अर्थाविषयीं मात्र आम्ही कडक आहों. पाणचट म्हणजे ज्यांत सत्त्व कमी तें. ज्यांत रंग फाजील तें बटबटीत. लग्नमंडपांतील भडक झिरमिळ्यांस पाणचट म्हणणें चूक होय. 'चिकट' शब्दाची तऱ्हा आणखी निराळी. त्याच्या कुळांतील संस्कृत 'चिक्कण' अमरकोशांत 'स्निग्ध' शब्दाच्या पंक्तीस बसतो, आणि स्निग्धाच्या घरींच स्नेह नांदतो. मराठींत मात्र पैसा न सोडणारा तो चिकट, आणि काम न सोडणाऱ्याची ती चिकाटी !

परवां तोच विद्यार्थी, आतां चाळिशीचा गृहस्थ, दारावरून जात होता. कपाशीवर मावा येऊन पानांवर चिकटा पडला, म्हणून चिंतेंत होता. त्यास ओसरीवर बसवून आम्ही त्या जुन्या रेघेची गोष्ट काढली व चूक कबूल केली. तो म्हणाला, "जाऊ द्या गुरुजी, लहान होतो मी." सूनबाईनें ताक आणून दिलें. त्यानें एक घोट घेतला, आमच्याकडे पाहिलें आणि हळूच म्हणाला, "पानचट हाये, गुरुजी."