‘थकलोय’ म्हणणाऱ्या मुलांचे ऐकताना

आपण यवतमाळ, पुसद किंवा वणीत निवृत्तीचे दिवस घालवीत असाल आणि मुले पुण्यात नोकरीस असतील. फोनवर मुलगा ‘थकलोय’ म्हणतो, तेव्हा ‘आम्ही काय कमी राबलो?’ हे शब्द सहज ओठांवर येतात. राबलात, हे खरेच. मात्र शाळेची घंटा झाली, एसटी आगारात लागली किंवा कोळसा खाणीतली पाळी संपली, की काम आपल्यामागे घरी येत नसे. (शेतकरी आणि घरातली बाई यांना मात्र तेव्हाही सुट्टी नव्हती.) आजचे काम मोबाइलवाटे जेवणाच्या ताटापर्यंत येते.

जुलै 2024 मध्ये पुण्यातील 26 वर्षांच्या एका सनदी लेखापाल तरुणीचे निधन झाले. नोकरीला जेमतेम चार महिने झाले होते. कामाच्या बोजाविषयी तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले.

जागतिक आरोग्य संघटना या अवस्थेला आजार म्हणत नाही. 2019 मध्ये तिने ती कामातून उद्भवणारी अवस्था मानली. न ओसरणारा शीण, कामाविषयी तुटलेपणा आणि घटलेली कार्यक्षमता ही तिची लक्षणे. ‘आळस’ या शब्दात ती बसत नाहीत.

म्हणून बढतीची चौकशी करण्याआधी ‘झोप होते का?’ असे विचारा. नोकरी बदलण्याचा विषय निघाल्यास ‘लोक काय म्हणतील’ हे मनातच ठेवा. बोलण्यात निराशा डोकावू लागली, तर टेली-मानसच्या 14416 या निःशुल्क क्रमांकावर मराठीतही बोलता येते. मुलांना आणि आपल्यालाही.