नेट बंद पडलं? आधी दिवे पाहा
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पुतणीचा प्रवेश-अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता आणि नेमकं संध्याकाळी नेट बंद पडलं. मी घाईघाईनं राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसून ‘रीसेट’चं बटण दाबलं. बिघाड होता बाहेरच्या तारेत. तो तासाभरात दुरुस्तही झाला. पण कंपनीनं राउटरमध्ये भरलेलं युजरनेम, पासवर्ड मी पुसून टाकले होते! नेट सुरू व्हायला आणखी दोन दिवस लागले. अर्ज शेजाऱ्यांच्या मोबाइलवरून रात्री साडेअकराला भरला.

तेव्हापासून एक नियम केला. आधी बिघाड कुठे आहे ते शोधायचं, मगच हात लावायचा.

नळ कोरडा पडला की आपण काय करतो? शेजारी विचारतो, “तुमच्याकडे पाणी आलंय का?” मग गच्चीवरची टाकी पाहतो, शेवटी तोटी. नेटचंही तसंच आहे.

पहिला प्रश्न : घरातल्या सगळ्याच उपकरणांवर नेट बंद आहे का? एकाच मोबाइलवर नसेल, तर दोष त्या मोबाइलचा. सगळीकडेच नसेल, तर फायबरची तार ज्या डबीत शिरते तिचे दिवे पाहा. या काचेच्या तारेतून वीज नव्हे, प्रकाश येतो. ‘एलओएस’ हा दिवा लाल झाला, तर प्रकाश पोहोचत नाही असं समजावं. तार तुटली असेल, उंदरानं कुरतडली असेल किंवा कपाटामागे दुमडली असेल. दुमडलेली तार हलक्या हातानं मोकळी करा. मात्र उघड्या टोकाला डोळा लावू नका; तो प्रकाश दिसत नसला तरी डोळ्यांना अपाय करू शकतो. तार तुटलेली असेल, तर घरी करण्यासारखं काही नाही. सरळ तक्रार नोंदवा.

लाल दिवा नसेल, तर डबी आणि राउटर बंद करा, मिनिटभर थांबून पुन्हा चालू करा आणि चार-पाच मिनिटं वाट पाहा. हे ‘रीस्टार्ट’, ‘रीसेट’ नव्हे. निम्मी दुखणी इथेच बरी होतात.

नेट आहे, पण रडतखडत चालतं? लॅपटॉप केबलनं राउटरला जोडून पाहा. केबलवर नीट चालत असेल, तर दोष वाय-फायचा. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा शेजाऱ्यांचे राउटर आणि आपला मायक्रोवेव्ह ओव्हनही वापरतात, म्हणून तिथे गर्दी. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतीपलीकडे लवकर क्षीण होतो. तेव्हा राउटर लोखंडी कपाटामागून काढून घराच्या मध्यावर, उंच जागी ठेवा.

तक्रार करताना ‘नेट चालत नाही’ एवढंच सांगू नका. कुठला दिवा लाल आहे, कधीपासून, केबलवर काय होतं, हे सांगा. तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. ‘ट्राय’च्या २०१२च्या नियमांनुसार तो देणं कंपनीला बंधनकारक आहे आणि दाद मिळाली नाही, तर त्याच आधारे कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं.

आणि हो, युजरनेम, पासवर्ड आजच कागदावर लिहून लाइट बिलाच्या फाइलीत ठेवा. नेट बंद पडल्यावर ते नेटवर शोधता येत नाहीत!