चोच खंड्याची, हिशेब कोणाचा?

नगरच्या सावेडीत पाइपलाइन रोडला लहान मुलाचे बूट घ्यायला गेलात, तर बहुतेक जोड्यांना नाडीऐवजी वेल्क्रोची पट्टी दिसते. 1941 मध्ये स्विस अभियंते जॉर्ज द मेस्त्राल आल्प्समध्ये फिरून आले, तेव्हा कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना काटेरी फळे चिकटलेली होती. सूक्ष्मदर्शकाखाली त्या काट्यांचे आकडे दिसले आणि त्यांतून वेल्क्रो जन्मले. निसर्गप्रेरित उत्पादनांचे हे सर्वांत लाडके उदाहरण. पण ते फळ मातीत कुजते, बी रुजवते. नायलॉनचे वेल्क्रो खनिज तेलातून येते आणि उकिरड्यावर वर्षानुवर्षे पडून राहते.

कमळाच्या पानावरून पाण्याचा थेंब धूळ घेऊन घरंगळतो, हे गुपित बॉनचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनी उलगडले. 1999 मध्ये त्या तत्त्वावरचा भिंतीचा रंग बाजारात आला. पान झिजलेले मेण स्वतःच पुन्हा तयार करते. रंग मात्र पुन्हा कारखान्यातूनच आणावा लागतो. सगळेच फोल नाही. जपानच्या 500 मालिकेच्या शिंकान्सेनचे नाक खंड्याच्या चोचीवरून घडवले. त्यामुळे बोगद्यातून निघतानाचा दणका कमी झाला, वीजही वाचली.

आपल्याकडचा मोठा प्रयोग मुळशी तालुक्यात झाला. वरसगाव धरणाच्या काठी लवासा हे नवे शहर वसवताना एचओके या अमेरिकी वास्तुसंस्थेने जॅनिन बेन्यस यांच्या, निसर्गातून रचना शिकणाऱ्या बायोमिमिक्री गिल्ड या संस्थेला सोबत घेतले. धान्य साठवणाऱ्या मुंग्या वारुळात पाणी शिरू न देता ते कसे वळवतात, वडाच्या पानावरून पाऊस कसा निथळतो, मूळचे जंगल किती पाणी धरून ठेवते, याचा त्यांनी विचार केला. कल्पना खरोखर सुंदर होती आणि ती मांडणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण जंगलाचा धडा कागदावर गिरवत असतानाच डोंगर फोडले जात होते. नोव्हेंबर 2010 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोटीस बजावली, काम थांबले. 2018 मध्ये प्रकल्प दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. जुलै 2024 च्या पावसात तिथल्या बंगल्यांवर दरड कोसळली. मुंगीकडून पाणी वळवण्याची युक्ती घेता येते. पण त्या उतारावर नगर वसवावे का, हा प्रश्न त्याआधीचा आहे.

नगरची हवा मुळशीची नव्हे. इथे वर्षाकाठी सरासरी सहाशे मिलिमीटरच्या आतच पाऊस पडतो. सावेडीतल्या घराला काही शिकायचेच असेल, तर बारीक पानांच्या, खोल मुळांच्या बाभळीकडून शिकावे. इथेच निजामशाहीत 1583 च्या सुमारास पुरा झालेला फराहबागेचा महाल तळ्याच्या मधोमध उभारला होता. पाण्यावरून येणारा वारा दालने थंड करी. त्याची दगड-चुन्याची वास्तू आजही उभी आहे.

यंदा दिवाळीत एखाद्या वस्तूवर ‘निसर्गप्रेरित’ लिहिलेले दिसले, तर दुकानदाराला एवढे जरूर विचारा: ही कशापासून बनली आणि मोडल्यावर हिचे काय करायचे?