बौद्धिक अक्षमता : व्याख्या व निदानातील अडचणी

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार बौद्धिक अक्षमता ठरवताना दोन गोष्टी पाहिल्या जातात : तर्क करणे, शिकणे, समस्या सोडवणे अशी बौद्धिक कार्ये आणि रोजच्या जगण्यातील समायोजनात्मक वर्तन. दोन्हींत लक्षणीय मर्यादा असल्या पाहिजेत. शिवाय त्या विकासाच्या काळातच सुरू झालेल्या असाव्यात, असे निदानशास्त्र मानते. केवळ बुद्धिगुणांक कमी आला म्हणून निदान पूर्ण होत नाही.

१. सीमारेषेचा प्रश्न
ही सीमारेषा माणसांनी आखलेली आहे. अमेरिकेतील मानसिक दुर्बलताविषयक संघटनेने १९५९ मध्ये सरासरीपेक्षा एक प्रमाण विचलन खाली, म्हणजे सुमारे ८५, ही मर्यादा मानली होती. १९७३ मध्ये तिने ती दोन प्रमाण विचलने खाली, म्हणजे सुमारे ७० वर आणली. ८५ ते ७० या पट्ट्यातील लोकांची बुद्धी तीच राहिली, व्याख्या मात्र बदलली.

२. चाचणीचा प्रश्न
व्ही. व्ही. कामत यांनी स्टॅनफर्ड-बिने चाचणीचे रूपांतर मराठी व कन्नड भाषक मुलांसाठी केले (१९३४). ही बिने-कामत चाचणी भारतात दीर्घकाळ वापरात राहिली. पण मानके जुनी झाली, की आजच्या मुलाची तुलना वेगळ्याच पिढीशी होते. घरी गोंडी किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीत प्रश्न विचारले, तर बुद्धीऐवजी भाषेचे अंतर मोजले जाण्याची शक्यता असते. ऐकू कमी येणे, शाळा बुडणे यांमुळेही गुण घटतात.

३. वर्तन मोजण्याचा प्रश्न
व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणीचे भारतीय रूपांतर ए. जे. मालिन यांनी नागपूर येथे केले. त्यातील माहिती प्रामुख्याने पालकांकडून मिळते. आई अजूनही घास भरवत असेल, तर मुलाला हाताने जेवता येत नाही की तशी संधीच मिळालेली नाही, हे परीक्षकाने तपासावे लागते.

४. एका गुणाचे मोल
२०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत या श्रेणीवर ५५ ते ६९ गुणांना ५० टक्के, तर ७० ते ८४ गुणांना २५ टक्के दिव्यांगत्व धरले होते. आरक्षणासाठी किमान ४० टक्के लागतात. म्हणजे त्यांनुसार ६९ गुणांचे मूल पात्र ठरत होते, ७० गुणांचे ठरत नव्हते. प्रत्येक मापनात काही गुणांची त्रुटी संभवते, हे लक्षात घेतले की या एका गुणाचे गांभीर्य कळते.

सारांश : गुणांक हा निदानातील एक पुरावा आहे. श्रवण-दृष्टी तपासणी, घरची भाषा, शालेय इतिहास आणि प्रत्यक्ष निरीक्षण यांच्यासोबतच त्याचा अर्थ लावावा.